राजकीयीकरण: शिवी की प्रक्रिया?

महापूर असो, शेतकऱ्यांच्या आत्महत्या असोत किंवा पेपरफुटी. सरकारी बाजूकडून एक वाक्य हमखास येतं, ‘या विषयाचं राजकीयीकरण करू नका.’ शब्दाला शिवीची कळा आली ती अशा वापरामुळे.

मुळात राजकीयीकरण म्हणजे रूढी, धर्म किंवा घरगुती बाब म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न सार्वजनिक निर्णयाच्या कक्षेत आणणं. ‘राजकारण करणं’ याला डावपेचांचा, स्वार्थाचा वास आहे. हे दोन्ही एकच मानले की खरा प्रश्न दडपणं सोपं जातं.

महाडचंच पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. तळ्याच्या काठी रूढीचंच राज्य होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. सवर्णांनी मारहाण केली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडलं. पाणी कोणी प्यायचं, हा प्रश्न मात्र आता नागरी हक्काचा झाला होता.

राजकीयीकरण हे असं असतं, आणि ते हवंच.

प्रशासनाबद्दल बोलताना मात्र हाच शब्द रास्त टीका ठरतो. बदल्या नि नेमणुका कामाऐवजी पक्षनिष्ठा पाहून होऊ लागल्या, तर त्याला नोकरशाहीचं राजकीयीकरण म्हणतात.