कडे गोंदियाचे, गाडी किरायाची

समुद्रकिनाऱ्यावरचा उंच कडा, पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा आणि सकाळी निघून रात्री घरी पोहोचवणारी चालकासह गाडी, अशी एका दिवसाची सहल मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला अवघड नाही. गोंदियाकरांच्या नशिबी हे सुख नाही. मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरहून दूर आहे आणि कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एक आख्खा दिवस व रात्र राज्यातून धावून गोंदियाला पोहोचते. मात्र समुद्र नसला तरी कडे आहेत. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सालेकसा तालुक्यातील दरेकसाच्या डोंगररांगेत हाजरा फॉल हा धबधबा आणि कचारगडची नैसर्गिक गुहा आहे. गोंदिया शहरापासून आमगाव-सालेकसामार्गे हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते.

हे कडे वयाने किनाऱ्यावरील कड्यांचे पणजोबा शोभतील. कोकणचा खडक दख्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दरेकसा परिसरातील खडक भूशास्त्रज्ञ ज्या ‘डोंगरगड महासंघा’त मोडतात, त्याचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. त्याहीखालच्या पायाभूत खडकांना तर आमगावचेच नाव मिळालेले आहे. याच डोंगरातून बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग गेला. दरेकसा आणि बोरतलाव या स्थानकांदरम्यानचा बोगदा हावडा-मुंबई मार्गावरील प्रवाशांच्या परिचयाचा आहे. नक्षलवादी हालचालींमुळे अनेक वर्षे शहरी पर्यटक या भागाकडे फिरकत नसत. आता सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, आणि त्यातील बऱ्याच गाड्या भाड्याच्या असतात.

विदर्भात गाडी भाड्याने नव्हे, ‘किरायाने’ घेतात. ती ठरवताना बहुतेकांचे लक्ष दरावर असते, पाटीवर नसते. वस्तुतः पहिला प्रश्न पाटीचाच असावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी प्रवासी वाहतुकीसाठी किरायाने देता येते. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. ओळखीतल्या कोणाची तरी ‘एमएच ३५’ क्रमांकाची पांढरी गाडी पाचशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून घेतली जाते आणि वाटेत कोणी विचारलेच, तर ‘नातेवाईक आहोत’ असे सांगायचे ठरते. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार अशा वापरासाठी परवाना आवश्यक आहे. तो नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड आणि कारावासाचीही तरतूद आहे.

दंड गाडीमालक भरेल, प्रवाशांना त्याचे काय, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण खरा धोका विम्यात आहे. खासगी गाडीच्या विमापत्रात ‘वापराची मर्यादा’ या शीर्षकाखाली मोबदला घेऊन केलेली वाहतूक स्पष्ट वगळलेली असते. घाटात गाडी उलटली आणि किराया दिल्याचे सिद्ध झाले, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. मग जखमींना किंवा मृतांच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे झगडावे लागते आणि निकाल बाजूने लागला तरी भरपाईची वसुली गाडीमालकाच्या ऐपतीवर येऊन थांबू शकते. वाचवलेल्या पाचशे रुपयांची ही किंमत आहे. चालकाच्या परवान्याबाबत मात्र पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले.

दुसरा प्रश्न सीमेचा. दरेकसापर्यंत गेलेल्या अनेकांना पलीकडच्या छत्तीसगडमधील डोंगरगडच्या बमलेश्वरीचे दर्शन त्याच दिवशी उरकावेसे वाटते. गाडीला अखिल भारतीय पर्यटन परवाना असेल, तर २०२३ च्या नियमांनुसार राज्याच्या सीमेवर वेगळा कर द्यावा लागत नाही. केवळ राज्यापुरता परवाना असेल, तर तो आधी भरावा लागतो. हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. सीमेवर पोहोचल्यावर चालकाशी वाद घालून उपयोग नसतो.

दराचा हिशेब फारसा गूढ नाही. बाहेरगावच्या फेरीला बहुतेक व्यावसायिक दिवसाला अडीचशे किंवा तीनशे किलोमीटरचे किमान भाडे लावतात, प्रत्यक्ष प्रवास कमी झाला तरीही. गोंदियाहून दरेकसाला जाऊन येणे यापेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणून या सहलीसाठी तास आणि किलोमीटर यांचे एकत्रित पॅकेज, उदाहरणार्थ आठ तास-ऐंशी किलोमीटर, मागून वरचे किलोमीटर व तास वेगळे देणे सहसा स्वस्त पडते. मोजणी गॅरेजपासून की घरापासून, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता कोणाकडे, एवढे स्पष्ट झाले की परतल्यावरची हुज्जत टळते.

नागपूरकरांचे गणित वेगळे आहे. भंडारा, साकोली, देवरीमार्गे दरेकसा गाठून त्याच रात्री परतायचे, तर चारशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालते. त्यात सात-आठ तास निव्वळ चालवण्यात जातात. पहाटे पाचला गाडी दारात लावणारा चालक तीन-साडेतीनला उठलेला असतो. प्रवासी धबधब्यावर असताना तो उन्हात तापलेल्या गाडीत डुलकी घेण्याचा प्रयत्न करतो आणि रात्री नऊला, प्रवासी मागे झोपलेले असताना, त्याच्याकडून जागे राहण्याची अपेक्षा असते. मोटर परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. एक-दोन गाड्यांवर पोट असणाऱ्या मालक-चालकाला तो कधी लागूच झाला नाही. त्याच्या झोपेची काळजी घेणारे गाडीत बसलेल्यांखेरीज कोणी नाही. शिवाय परतीचा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवेगाव-नागझिरा परिसरातील जंगलपट्ट्यातून जातो आणि अंधार पडल्यावर तेथे वन्यप्राणी रस्त्यावर येतात.

यावर साधा उपाय आहे. नागपूरहून गोंदियापर्यंत रेल्वेने यावे, त्यास साधारण दोन तास लागतात, आणि गाडी गोंदियातच ठरवावी. दिवसाकाठी अडीचशेहून अधिक किलोमीटरचे चालवणे वाचते, आणि स्थानिक चालकाला कोणता रस्ता पावसात उखडला, कोठे जेवण मिळते, हे ठाऊक असते. जेवणाची सोय शक्यतो आमगाव किंवा सालेकशालाच पाहावी.

प्रत्यक्ष कड्यापाशी सावधगिरीचे स्वरूप बदलते. हरिहरेश्वरची कड्याखालची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते, आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधीपासून छापलेले असते. डोंगरातल्या ओढ्याचे वेळापत्रक नसते. धबधब्यापाशी ऊन पडलेले असताना वरच्या पाणलोटात सर कोसळली, तर थोड्याच वेळात पाणी गढूळ होऊन चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागील बाजूच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच मध्यावर उभे असताना. हाजरा फॉल येथेही पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला, की पात्रातून बाहेर यावे. स्थानिक समितीची माणसे थांबवतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालणारे बहुधा बाहेरगावचेच असतात.

कचारगड हे केवळ पर्यटनस्थळ नाही, हे तेथे जाणाऱ्यांनी जाणून जावे. गोंड समाजाच्या परंपरेनुसार या गुहेत कोंडलेल्या बालकांची पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी सुटका केली. त्यांच्यापासूनच गोंडांच्या कुळांची व्यवस्था उभी राहिली, अशी श्रद्धा आहे. नागपूरचे गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी या परंपरेची विस्ताराने मांडणी केली. माघ पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून भाविक येतात. त्या दिवसांत नुसती सहल म्हणून जाऊ नये. यात्रेसाठीच जायचे असेल तर गाडी बरीच दूर थांबेल, हे धरून चालावे. एरवी पायथ्याच्या धनेगावापासून चढाई करावी लागते. ‘आशियातील सर्वांत मोठी गुहा’ असे विशेषण तिला सर्रास चिकटवले जाते. तिचे महत्त्व त्या विशेषणावर अवलंबून नाही. अशा कपारींत आग्यामाशांची पोळी असू शकतात, तेव्हा धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळलेला बरा.

सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ या सहलीला सोयीचा. हाजराला पाणी असते आणि चढाई सुसह्य होते. सकाळी सातला गोंदियातून निघून आधी कचारगड चढावे, दुपारी हाजरा फॉल पाहावा, आणि चारच्या सुमारास चालकाला चहा पाजून परतीला लागावे. अंधार पडण्यापूर्वी गाडी आमगाव ओलांडते.