बोल्ट कशात जातो, ते आधी बघा

गॅरेजच्या शटरला जाडजूड कुलूप लावून घरचे निर्धास्त झोपतात. शटर फोडणारा मात्र कुलपाच्या वाटेला जाईलच असं नाही. तळपट्टीच्या मधोमध पहार घालून तो शटर वर उचकटतो. दोन्ही टोकांची कुलपं जागच्या जागी शाबूत राहतात, मधला पत्रा वाकतो आणि माणूस सरपटत आत जाईल एवढी फट पडते.

सांगलीतल्या आमच्या घराचं गॅरेज आठ फूट रुंद आहे. आत दुचाकी, इन्व्हर्टर, गॅसचं जादा सिलिंडर, धान्याच्या कोठ्या आणि मागच्या भिंतीत थेट स्वयंपाकघरात उघडणारं दार. घराच्या पुढच्या दाराला जाळीचा दरवाजा, लॅच, साखळी असा सगळा बंदोबस्त; या दाराला मात्र एक साधी कडी. एकदा शटर उचकटलं की आत शिरणाऱ्याला आडोसा मिळतो आणि पुढचं काम तो कुणाच्या नजरेला न पडता करू शकतो. म्हणून शटरला पक्के बोल्ट बसवून घ्यायचं ठरवलं आणि काम संपेपर्यंत मिस्त्रींच्या शेजारीच उभा राहिलो.

त्यांनी आधी ड्रिल मशीनला हातच लावला नाही. शटर पूर्ण खाली ओढलं, तळपट्टी दोन्ही हातांनी धरली आणि वर खेचून पाहिली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, शेवटी मधे. टोकांना शटर जेमतेम हललं, मधे चांगलं उचललं गेलं. मग त्यांनी पत्रा चिमटीत धरून दाखवला. शटरच्या पट्ट्या साधारण अठरा गेजच्या, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. अशा पत्र्याला स्क्रूने कोयंडा मारला, तर पहारीच्या हिसक्यासरशी स्क्रू भोक फाडून बाहेर येतो. कुलूप कितीही महाग असलं तरी त्याची ताकद त्या सव्वा मिलिमीटरएवढीच. खालची तळपट्टी मात्र तीन मिलिमीटरच्या आसपास जाड होती. “जे काही बसवायचं ते हिच्यावरच,” मिस्त्री म्हणाले.

वेल्डिंगच्या आधी त्यांनी सिलिंडर आणि दुचाकी अंगणात लांब नेऊन ठेवायला लावली. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एका छताखाली नको. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेने निघणारा पांढरा धूर छातीत जाणं घातक असतं. म्हणून जोडाच्या जागेवरचा मुलामा घासून काढला आणि हवा खेळती ठेवली.

दोन्ही टोकांना तळपट्टीच्या आतल्या बाजूने सोळा मिलिमीटरचे भरीव रॉड बसवले, सरकवता येतील असे. आमचं शटर दोन खांबांच्या मधे आहे आणि त्याचं चॅनेल खांबाच्या खाचेत आहे. त्यामुळे रॉड चॅनेलच्या शेजारून थेट खांबात शिरतो. भोक नेमकं कुठे पाडायचं हे टेपने मोजलं नाही. रॉडच्या टोकाला ओला रंग लावला, शटर बंद केलं आणि रॉड खांबावर टेकवला. जिथे ठिपका उमटला, तिथे ड्रिल.

डावा खांब काँक्रीटचा होता, तिथे भोक स्वच्छ पडलं. उजवीकडे विटेचं बांधकाम, आणि विटेतलं उघडं भोक वापरून वापरून ढासळत जातं. तिथे मिस्त्रींनी भोक मोठं करून लोखंडी पाइपचा तुकडा सिमेंटमध्ये बसवला. रॉड त्या पाइपात जातो. विटेच्या भिंतीत ठोकून फुलणारा अँकर कडेजवळ मारू नये, वीट चिरते, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

खरं काम मधलं. अनेक ठिकाणी मधे नुसता उभा रॉड जमिनीतल्या भोकात सोडतात. शटर आतबाहेर हलू नये एवढंच तो बघतो. कुणी शटर वर उचललं तर तोही शटरबरोबर वर येतो. मिस्त्रींनी जमिनीत वाटीएवढा खड्डा घेतला आणि बारा मिलिमीटरच्या सळीचा यू आकार त्यात रोवला. यूचे पाय टोकाला बाहेर वळवलेले, चार-पाच इंच काँक्रीटमध्ये गाडलेले. यूचा माथा फरशीच्या खालीच राहतो, म्हणून चाकाला अडत नाही. तळपट्टीला वेल्ड केलेली जाड पट्टी त्या खड्ड्यात उतरते, दोन्हींतून आडवी पिन जाते आणि पिनेला कुलूप. उचकटणाऱ्याला आता पत्र्याशी नाही, जमिनीशी झटायचं आहे. मात्र काँक्रीटला काही दिवस पाणी मारून ते पक्कं होईपर्यंत त्यावर ताण देऊ नये.

हे सगळं आतून बंद होतं आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दाराने घरात जातो. त्यामुळे बाहेरून कापायला काहीच उरत नाही. ज्यांच्या गॅरेजला दुसरं दार नाही, त्यांना बाहेरूनच कुलूप लावावं लागतं. त्यांनी कोयंडा स्क्रूवर न ठेवता गोल डोक्याच्या बोल्टने बसवावा, नट आतल्या बाजूला आणि नटाखाली जाड पट्टी.

शटर मोटरचं असेल, तर बोल्ट लागलेला असताना मोटर चालूच होऊ नये असा स्विच बसवून घ्या. नाहीतर पत्रा फाटेल किंवा मोटर जळेल. वरच्या पाइपातल्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो, ती स्वतः उघडायला जाऊ नका. वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड आणि वर रंग मारलाच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. जमिनीतला खड्डा माती-पाण्याने भरतो, तो अधूनमधून साफ करा. आणि स्वयंपाकघराच्या त्या दारालाही घराच्या पुढच्या दाराएवढाच मान द्या.

आज रात्री शटर बंद केल्यावर तळपट्टी मधोमध धरून वर ओढून पाहा. हात शिरेल एवढी फट पडत असेल, तर नव्या कुलपावर पैसे घालू नका. ते पैसे मधे, जमिनीला पकड करून घेण्यावर घाला.