म्हशीच्या गळ्यातून ओसरीच्या वाशाला

वाऱ्याच्या झुळकीने किणकिणणारे नळ्यांचे अथवा काचेच्या चकत्यांचे झुबके आता खेड्यांतील घरांच्या ओसरीवरही दिसू लागले आहेत. फेस्ताच्या जत्रेत ते थोडक्या पैशांत मिळतात. मुले हट्ट धरतात आणि वडीलमाणसेही फारशी हरकत घेत नाहीत. ह्या वस्तूस विंड चाइम असे इंग्रजी नाव आहे. आपण तिला पवनघंटा म्हणू. दुःखाची गोष्ट एवढीच की जत्रेतील पवनघंटा बहुधा एका पावसाळ्याची सोबतीण असते. श्रावण सरेपर्यंत तिचा मुलामा उडतो, भाद्रपदात दोरा तुटतो, आणि नाताळचा तारा टांगण्याच्या वेळी तिचे उरलेले तुकडे अडगळीत सापडतात.

टिकणारी पवनघंटा कशी असते हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याने कच्छमधील निरोणा ह्या गावाकडे पाहावे. भुजपासून वायव्येस सुमारे ४० किलोमीटरांवर, बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ रानाच्या दक्षिण कडेला हे गाव वसले आहे. बडोद्याच्या वाचकांस ते आपल्याच राज्यातले म्हणून परके वाटू नये. येथील मुसलमान लोहार कुटुंबे पिढ्यान् पिढ्या घंटा घडवीत आली आहेत. आपले पूर्वज सिंधमधून आले असे ती सांगतात. ह्या घंटा ‘तांब्याच्या घंटा’ म्हणून विकल्या जातात. वस्तुतः त्यांचा देह लोखंडाचा असतो. तांबे-पितळ असते ते केवळ कातडीपुरते. पण त्या कातडीतच सारी किमया आहे, म्हणून ती कशी चढवितात हे थोडे सविस्तर सांगतो.

लोखंड आणतात ते भंगारातून. जुन्या पत्र्यातून एक आयताकृती पट्टी व एक गोल चकती कातरून घेतात. पट्टी ऐरणीवर ठोकून नळकांड्यासारखी वळवितात. चकतीस ठोकून ठोकून घुमटाचा आकार देतात आणि तो घुमट नळकांड्याच्या माथ्यावर बसवितात. कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या की सांधा धरतो. कोठेही वेल्डिंग नाही. वर टांगण्यासाठी लोखंडाची कडी बसविली की घंटेचा सांगाडा पुरा झाला. हा सांगाडा वाजवून पाहिला तर मात्र निराशा पदरी येते. दुमडलेल्या सांध्यांतून ध्वनी जणू गळून जातो, आणि ऐकू येतो तो केवळ पत्र्याचा खडखडाट.

पुढचे काम मातीचे. सांगाडा चिखलाच्या पातळ राबडीत बुडवितात, त्या ओल्या अंगावर तांब्या-पितळेची भुकटी टाकणखारासह पसरतात, आणि नंतर मातीने माखलेल्या कापडात सारी घंटा गुंडाळून टाकतात. सोनाराकडे टाकणखार पाहिलेल्यांस त्याचे काम ठाऊक असेलच. तापलेल्या धातूवर जी काजळी-गंजाची साय धरते ती तो विरघळवितो आणि एका धातूस दुसऱ्याच्या अंगाशी चिकटू देतो. मग हे मातीचे गाठोडे भट्टीत जाते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, पितळ त्याहूनही लवकर. लोखंडाला मात्र १५३८ अंश लागतात. ह्या दोहोंमधील अंतरात कारागिराने आपली भट्टी राखावयाची असते. त्या उष्णतेत लोखंड लाल होऊनही उभे राहते, तांबे-पितळ पाणी होऊन त्याच्या अंगभर पसरते आणि दुमडींच्या बारीक फटींत शिरते. मातीचे वेष्टन बाहेरची हवा आत येऊ देत नाही व वितळलेला धातू बाहेर सांडू देत नाही. गाठोडे निवल्यावर भाजलेली माती फोडून काढली की सोनेरी-तांबूस घंटा हाती येते. आता तिचे सांधे एकजीव झालेले असतात, आणि त्यामुळेच तिला कंठ फुटतो.

घंटेच्या आत लोंबतो तो शिसवी लाकडाचा लोलक. लोखंडाचा लोलक कर्कश बोलला असता. लाकडाने स्वर मऊ होतो आणि घंटेची कडही झिजत नाही. अखेरचे काम कानाचे. कारागीर घंटा वाजवितो, ऐकतो, कडेवर हातोडीचा एखादा हलका ठोका देतो, पुन्हा ऐकतो. कडेची गोलाई किंचित आत-बाहेर झाली की स्वर बदलतो. हे सारे कोणत्याही यंत्रावाचून चालते. लहानमोठी डझनभराहून अधिक मापे ह्या घंटांत असतात, आणि एकाच मापाच्या दोन घंटा तंतोतंत सारख्या बोलत नाहीत.

सारख्या बोलू नयेत हाच मुळी त्यांचा हेतू होता. बन्नीचे रान सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचे आहे. तेथील म्हशी प्रसिद्ध आहेत; २०१० साली बन्नी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून मान्यता पावली. दिवसाच्या उन्हापासून वाचण्यासाठी ह्या म्हशी रात्री चरावयास जातात आणि सकाळी दूध देण्यास घरी परततात. काळोख्या रात्री, काळ्या जनावराचा माग मालधाऱ्याने काढावा कसा? कानाने. आपली म्हैस कोणती, ती चरते आहे की धावते आहे, कळपापासून दूर गेली की काय, हे सारे त्यास घंटाच सांगे. लोहाराकडून घंटा घेताना पशुपालक ती वाजवून आपल्या कानास पटेल तीच उचलीत असे. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ घालतात ती शोभेसाठी. ही घंटा रोजच्या भाकरीशी बांधलेली होती.

पुढे दिवस पालटले. कळपांमागे रानोमाळ हिंडणारी कुटुंबे उणावली, बाजारात स्वस्त तयार घंटा आल्या, आणि निरोण्याच्या लोहारांचे जुने गिऱ्हाईक कमी होत गेले. अशा वेळी एखादी कला कशी संपते ह्याचे उदाहरण शोधावयास फार लांब, थेट पोर्तुगालपर्यंत, जाऊ. आणि गोव्याच्या वाचकांस त्या देशाचा परिचय करून देण्याची गरज नाही. तेथील आलेन्तेझू प्रांतात आल्कासोव्हश नावाचे एक लहान गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते १४७९ च्या पोर्तुगाल-कास्तिल तहामुळे येते, पण त्याचा खरा लौकिक गुरांच्या घंटांचा. पोर्तुगीज भाषेत त्यांस ‘शुकाल्यु’ म्हणतात. त्या घडविण्याची रीत वाचताना मनुष्य चकित होतो. लोखंडाचा पत्रा थंडाच ठोकून पेल्यासारखा वळवावयाचा, त्याच्याभोवती तांब्याचे अथवा कथलाचे बारीक तुकडे रचावयाचे, माती व पेंढा ह्यांच्या गाऱ्यात तो गुंडाळावयाचा, भट्टीत घालावयाचा, मग थंड पाण्यात बुडवून भाजलेली माती काढावयाची, आणि शेवटी ठोकून स्वर जुळवावयाचा. पेंढा व पाणी वगळले तर हे निरोण्याचेच वर्णन झाले!

परंतु आल्कासोव्हशची स्थिती चिंतेची झाली. कुरणांस कुंपणे पडली, गुराख्याचे काम घटले, कारखान्यांतील घंटा आल्या. २०१५ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याजोग्या वारशांच्या यादीत घातली. त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच कार्यशाळा उरल्या होत्या आणि कारागिरांपैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली होती. बापाने मुलास शिकवावे, मुलाने नातवास, अशी ही विद्या. नातू शहरात नोकरीस गेला की साखळी तुटते.

ह्याच कुळातील आणखी एक घंटा डब्लिन येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिचे नाव आपल्या वाचकांस जिव्हाळ्याचे वाटेल. परंपरेने ती संत पॅट्रिक ह्यांची म्हणून ओळखली जाते. आयर्लंडच्या मठांतून प्रार्थनेसाठी अशा हातघंटा वाजवीत. ही घंटाही लोखंडी पत्रा दुमडून, खिळ्यांनी सांधून व वर काशाचा थर चढवून केलेली आहे. आकार पाहाल तर कोणा शेतकऱ्याच्या गाईच्या गळ्यातूनच काढली असे वाटावे. इ. स. ११०० च्या सुमारास एका राजाने तिच्यासाठी सोन्याचांदीच्या नक्षीची पेटी करविली. पेटी पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. आतली घंटा मात्र साधी आहे. कांसे महाग, लोखंड स्वस्त. ओतकामास साचा व भरपूर धातू हवा, ठोकण्यास हातोडा पुरे. तेव्हा स्वस्त धातूचा देह करून त्यास महाग धातूची पातळ कातडी द्यावी, ही गरिबाची युक्ती कच्छमध्ये, आलेन्तेझूत आणि आयर्लंडात सारखीच आढळते.

निरोण्याचे लोहार तगले ते घंटेला नवे घर मिळाल्यामुळे. २००१ च्या भूकंपानंतरच्या वर्षांत कच्छमध्ये पाहुण्यांचा ओघ वाढला. पांढरे रण पाहावयास जाणारे लोक निरोण्यास थांबू लागले. त्यांच्यापाशी म्हशी नव्हत्या, पण गॅलऱ्या होत्या. मग लोहारांनी लहान घंटांच्या माळा ओवल्या, लाकडी दांडीला पाच-सात घंटा टांगल्या, आणि म्हशीच्या गळ्यातील घंटा पवनघंटा झाली. कोणी म्हणेल की हा कलेचा ऱ्हास होय. मला तसे वाटत नाही. पत्रा तोच, माती तीच, कान तोच राहिला आहे. केवळ घंटा हलविणारा बदलला.

हा बदल तितका सोपा मात्र नाही. म्हैस मान हलविते तेव्हा जड घंटाही वाजते. वाऱ्यास ते बळ नसते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा धक्का चौथाईवर येतो, म्हणून मंद झुळुकीत निव्वळ घंटा मुकी राहते. लोलकाखाली दोऱ्याने एखादे रुंद, हलके पान बांधावे. लाकडाची पातळ फळी अथवा नारळाच्या करवंटीचा तुकडाही चालतो. वारा त्या पानास धरतो आणि पान लोलकास ओढते. जपानात काचेच्या घंटांखाली ह्यासाठीच कागदाची लांब पट्टी सोडतात. टोकियोच्या त्या फुंकून केलेल्या घंटांस ‘फूरिन’ म्हणतात. त्यांची चित्रे काचेच्या आतल्या बाजूने रंगवितात, म्हणजे पावसाने पुसत नाहीत, आणि कड मुद्दाम घासून गुळगुळीत करीत नाहीत, कारण खरबरीत कडेवर लोलक घासला की स्वर अधिक गोड येतो. घरी बाटली कापून पवनघंटा करणाऱ्यांनी मात्र हे अनुकरण करू नये. लहान मुलांच्या घरात बाटलीची कड ओल्या दगडावर घासलेलीच बरी. काचेवर लाकडाचाच लोलक असावा. बारीकशी तडा गेली तरी काच मुकी होते आणि एखाद्या वादळात फुटते.

नळ्यांची पवनघंटा घरी करू इच्छिणाऱ्या हौशी तरुणांसाठी एक माप सांगून ठेवतो. नळी वाजते तेव्हा ती धनुष्यासारखी वाकते, आणि तिच्यावरील दोन जागा मात्र स्थिर राहतात. ह्या जागा प्रत्येक टोकापासून लांबीच्या शेकडा २२.४ भागावर असतात. ५० सेंटिमीटर नळीत ११.२ सेंटिमीटरांवर. भोक तेथेच पाडावे. अगदी टोकाशी पाडले तर दोराच स्वर गिळून टाकतो, आणि जत्रेतील मालात नेमके हेच झालेले असते. नळी निम्मी केली तर स्वर एक नव्हे, दोन सप्तके वर जातो. एकच सप्तक वर हवे असेल तर ५० सेंटिमीटरांस सुमारे ३५ ची जोड द्यावी. नळ्यांची जाडी व रुंदी अर्थात एकच असावी.

भोकाच्या कडा कानशीने घासाव्यात, कारण दोरा बहुधा तेथेच कापला जातो. सुती दोरा पावसात कुजतो, साधा नायलॉन उन्हात ठिसूळ होतो. मासेमारीच्या जाळ्याची जाड सुतळी ह्या दोहोंहून बरी. तीही तुटण्याची वाट न पाहता दोन वर्षांनी बदलावी. निरोण्याची घंटा समुद्रकाठच्या घरी टांगणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जेथे तांब्याची कातडी खरचटते तेथे खालचे लोखंड खाऱ्या हवेत अधिकच झपाट्याने गंजते. पावसाळ्यापूर्वी घंटा फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. ते वाळून पापुद्रा धरते. खोबरेल वाळत नाही आणि धूळ धरून ठेवते.

टांगण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. आजाऱ्याच्या खोलीशेजारी किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर गोड घंटाही रात्री दोन वाजता गोड वाटत नाही. आणि घंटा विकत घेताना रंगरूप न पाहता ती कडीला धरून टिचकी मारावी व कानाशी न्यावी. नाद लगेच विरला तर सांधा नीट भरलेला नाही असे समजून ती परत ठेवावी आणि ढिगातील दुसरी उचलावी. कारागीर ह्याने रागावत नाही. मालधारीही त्याच्यापुढे बसून असेच करीत.