विभक्त कामें, अविभक्त घर

मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठी, फडताळ आणि तिजोरी या सर्वांच्या किल्ल्या एकाच जुडग्यांत असल्या व तो जुडगा हरवला, तर घरांत धान्य, पैसा, माणसें सर्व असूनहि चूल पेटत नाहीं. संगणकावर चालणाऱ्या व्यवसायाचीहि हीच गत होऊं शकते. अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीला हा अनुभव आला.

चित्रपटांच्या तबकड्या टपालानें घरपोंच धाडणें हा या कंपनीचा मूळ धंदा. ऑगस्ट २००८ मध्यें तिच्या मुख्य डेटाबेसांत बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांकडे तबकड्या रवाना होऊं शकल्या नाहींत. तबकड्या होत्या, नोकर होते, टपालहि चालू होतें. सर्व अडलें तें एका ठिकाणीं. तेव्हां कंपनीनें ती अवजड आज्ञावली मोडून शेंकडों लहान, स्वतंत्र सेवा रचिल्या. हें काम जानेवारी २०१६ मध्यें पुरें झालें. त्यास सात वर्षें लागलीं. तेवढ्यांत ग्राहक आठपट झाले व तबकड्यांच्या जागीं घरबसल्या चित्रपट दाखविणें हाच मुख्य धंदा झाला.

येथें सेवा म्हणजे काय? ‘अमुक विचाराल तर अमुक उत्तर देईन,’ असा करार पाळणारा आज्ञावलीचा एक भाग. तो करार कायम राखून आंतील व्यवस्था खुशाल बदलावी. शेजाऱ्यास त्याची वार्ताहि लागूं नये. एक सेवा आजारी पडली तरी इतरांनीं काम रेटावें. ग्राहकाच्या आवडीचे चित्रपट सुचविणारी सेवा बंद पडली, तर नेटफ्लिक्स सर्वसाधारण लोकप्रिय चित्रपटांची यादी पुढें करितें. ग्राहक विन्मुख जात नाहीं.

परंतु विभागणी करावी कोणत्या तत्त्वावर? डेव्हिड पार्नास या पंडितानें १९७२ सालच्या आपल्या निबंधांत याचें उत्तर दिलें आहे. काम ज्या क्रमानें होतें त्या क्रमानें तुकडे पाडूं नयेत. जी गोष्ट पुढें बदलण्याचा संभव आहे, ती एकेका कप्प्यांत झांकून ठेवावी. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला. ज्या व्यापाऱ्याच्या आज्ञावलींत कराचें गणित बिल, मागणी, परतावा अशा दहा ठिकाणीं विखुरलेलें असेल, त्यास दहाहि ठिकाणीं खोदावें लागणार; तें एकाच कप्प्यांत असेल, तर बहुतेक काम तेवढा कप्पा बदलून भागणार.

मात्र अतिरेक येथेंहि वर्ज्यच. प्रत्येक तुकड्याबरोबर निरोपांची ये-जा वाढते आणि निरोप वाटेंत हरवूं शकतो. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओनें चित्र-ध्वनीची तपासणी करणारी एक व्यवस्था बारीक तुकड्यांत विभागली होती. ते तुकडे पुन्हां एकत्र केल्यावर तिचा खर्च सुमारें ९० टक्के उतरला, असें तेथील अभियंत्यांनीं २०२३ सालीं नमूद केलें.

आज अनेक घरांतील मुलेंमुली याच व्यवसायांत आहेत. त्यांनीं नवी रचना मांडतांना किती तुकडे करावे हें आधीं विचारूं नये. उद्यां काय बदलेल आणि काय बदलून चालणार नाहीं, हें आधीं विचारावें. विभागणीची रेघ त्या दोहोंच्या मध्यें ओढावी. मग कामें विभक्त झालीं तरी घर अविभक्त राहील.