काळ्या मातीचं तांबडं भांडं

मैत्रिणींनो, मातीचं भांडं घडवायचं म्हणजे कुंभाराचं चाक हवंच, असं आपण धरून चालतो. पण आठवून पाहा, घरात चूल कोण घालत होतं? धान्याच्या कणग्या कोण लिंपत होतं? आपल्याच आज्या नि सासवा! चाक बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. नुसत्या हातांनी माती घडवण्याची विद्या मात्र बायकांची. गॅस आला, पत्र्याच्या कोठ्या आल्या नि ती मागे पडली. ती जाणणाऱ्या सासूबाई घरात आहेत, तोवर शिकून घ्यायला नको का?

नांदेड-लातूरकडे मातीला तोटा नाही. पण आपली काळी माती भारी हट्टी! भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच, आणि नुसत्या काळ्या मातीचं भांडंही तसंच तडकतं. म्हणून तळ्यातला बारीक गाळ आणून दोन-तीन दिवस भिजत घाला नि बारीक चाळणीतून काढा. चुनखडीचा एकही खडा राहू देऊ नका. भाजल्यानंतर तो हवेतली ओल शोषून फुगतो नि भांड्याचे टवके उडवतो. पाणी निथळलं की चार वाट्या मातीत साधारण एक वाटी चाळलेली रेती घालून कणकेसारखी मळा. करंगळीएवढी वळी बोटाभोवती गुंडाळून पाहा. चिरली नाही, तर माती जमली.

आता छोटी भाकरी थापा; तो झाला तळ. त्याच्या कडेवर वळीचे वेढे एकावर एक बसवा आणि आतून-बाहेरून बोटाने सांधत चला. एका दिवसात उंच चढवू नका, खालची बाजू बसेल.

नक्षी शोधायला लांब जायला नको. पळसाच्या पानाच्या शिरा, ज्वारीच्या कणसाचे दाणे ओल्या मातीवर अलगद दाबा. पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाच्या धारा काडीने ओढा. खरोशाच्या लेण्यांच्या खडकाचा तांबूस रंग हवा असेल, तर पातळ कालवलेली गेरू लावा. नख ओढलं तर ओरखडा उठतो पण बोट रुतत नाही, अशा बेताला नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासा. छान चकाकी येते.

वाळवण्याची घाई मात्र नडते. सावलीत, ओलसर फडक्याखाली आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन भांडं फुटतं. मग जवळच्या कुंभारदादांना योग्य मोबदला देऊन त्यांच्या आव्यात भाजून घ्या. मातीतल्या लोहामुळे काळं भांडं तांबडं होऊन बाहेर येतं!

भाजणं टाळू नका. कच्चं भांडं पाण्यात विरघळतं. भाजलेल्या मातीचं आयुष्य पाहायचं, तर लातूरहून जवळच तेरला जा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. दोन हजार वर्षं झाली, तरी चेहऱ्यावरचं हसू तसंच!

पहिलं भांडं वाकडं होईल, होऊ द्या. फुलांना, पणतीला ते चालतं. हात बसला की वेळा अमावस्येला शेतात न्यायची आंबिलाची बिंदगी तुमच्या हातची असू द्या. लेकीलाही शेजारी बसवा. तिच्या बोटांना ही माती आत्ताच ओळखीची होऊ दे.