डबा परत का आला?



आपल्याकडचा एक बचत गट एमआयडीसीतल्या कामगारांना रोज चाळीस डबे देतो. त्यातले पंधरा डबे बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या मुलांचे. गटारीला गटाने हौसेने चिकन केलं. माल गटाच्या कर्जातून आणलेला. संध्याकाळी त्या पंधरापैकी तेरा डबे न उघडता परत आले! ताई वैतागल्या, "एवढं चांगलं केलं, तरी यांची नाटकं!"

मी त्या मुलांना जाऊन विचारलं. उत्तर एवढंच आलं, "दीदी, सावन है."

झालं काय, ते समजून घेऊ. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या साधारण पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमा झाली की लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपली गटारी म्हणजे त्यांच्या सावनाचा मध्य. चूक त्यांची नव्हती, आपल्या ताईंच्या हाताला चव नव्हती असंही नाही. आपण विचारलं नव्हतं, एवढंच.

मोठ्या कंपन्याही इथेच अडखळतात. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांना वेगळा हिरवा गणवेश द्यायचं जाहीर केलं. त्यावर खूप टीका झाली. लाल गणवेशवाला दारात आला म्हणजे घरात मांसाहार मागवला, असं सगळ्यांना कळणार, मग घरमालक त्रास देणार. पोचवणाऱ्या मुलांनाही धोका. दुसऱ्याच दिवशी कंपनीने गणवेश सगळ्यांना लालच ठेवला. यातून आपण काय घ्यायचं? भांडी, पळ्या, डबे वेगळे ठेवा, पण कोण काय खातो याची जाहिरात नको. डब्यावर फक्त नंबर टाका.

नवीन गिऱ्हाईक घेताना वहीत चार गोष्टी लिहून घ्या:

1. काय चालत नाही? मांसाहार, अंडी, कांदा-लसूण?
2. कोणते वार, कोणते महिने पाळता? एका गावचे सगळे सारखंच पाळतात असं नाही, म्हणून प्रत्येकाला विचारा.
3. उपवासाला काय चालतं? मीठ साधं की सैंधव?
4. भाकरी, पोळी की भात जास्त? तिखट किती?

त्या गटाने आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर सावनाच्या तारखा लिहून ठेवल्यात. पंधरा डब्यांत काळा मसाला कमी, भात जास्त, आणि आठवड्यातून एकदा बटाट्याचा चोखा. तो त्या मुलांनीच शिकवला. बाकीच्या पंचवीस डब्यांत आपली नेहमीचीच चव.

गिऱ्हाईक टिकलं, कर्जाचा हप्ताही वेळेवर गेला. तुमच्या गटाचा डबा कधी परत आलाय का? पुढच्या मासिक बैठकीत नक्की सांगा.