इंजिनाला आधी तेल, मिस्त्रीला आधी हवा

गाडीचे इंजिन खोलून नव्याने बांधले, की गॅरेजमधले सगळे एका आवाजाची वाट पाहत असतात. बोअर झालेले असते, नव्या रिंगा आणि बेअरिंग बसलेले असतात, चेंबरमध्ये तेलही ओतलेले असते. कित्येक दिवस खेपा घालून कंटाळलेला मालक म्हणतो, ‘मारा आता सेल्फ!’ जाणता मिस्त्री मात्र घाई करत नाही. चेंबरमध्ये पडलेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचलेले नसते, हे त्याला ठाऊक असते.

चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या धातूला टेकून फिरत नाही. दोहोंमध्ये केसापेक्षा कितीतरी पातळ, अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो. फिरणारा शाफ्ट हे तेल निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर शाफ्ट अक्षरशः तरंगतो. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांना बेअरिंगवरील प्रयोगांत हा दाब आढळला आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले.

आपल्या गुडघ्यातला वंगणद्रव रात्रभराच्या झोपेनंतरही जागेवर असतो. नव्याने बांधलेल्या इंजिनाचे तसे नाही. त्याचा पंप, फिल्टर आणि तेलाचे मार्ग हवेने भरलेले असतात. कोरडा पंप नुसती हवा घुसळत राहतो, तेल ओढतच नाही. तेवढ्यात इंजिन पेटले, तर जोडणीच्या वेळी लावलेले वंगण पुसले जाते आणि बेअरिंगच्या मऊ धातूवर ओरखडे उठतात. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. इंजिन ठोकू लागते ते पुढे कधीतरी, आणि केलेला सगळा खर्च वाया जातो.

म्हणून इंजिन पेटवण्याआधी तेल फिरवून घेतात. पंप बसवतानाच त्यात तेल भरतात. फिल्टर उभा बसत असेल तर तोही भरून घेतात. मग प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करून थोडा थोडा वेळ सेल्फ मारतात. मधे सेल्फला गार होऊ देतात. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला, की तेल पोहोचले असे समजतात. शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-आठ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने पंपच फिरवता येतो. पंप थेट क्रँकशाफ्टवर असेल, तर प्रेशर स्विचच्या भोकातून दाबाने तेल आत सोडता येते.

पेट्रोल बंद ठेवण्याला कारण आहे. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकते. गंमत अशी, की हे जाणणारे अनेक मिस्त्री काम संपल्यावर स्वतःचे हात मात्र पेट्रोलने धुतात. त्वचेवरचा स्निग्ध थरही तसाच धुतला जातो. मग हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते आणि अशा त्वचेला वापरलेले काळे तेल अधिकच त्रास देते. त्या तेलात कर्करोगाशी संबंध असलेली रसायने असतात. हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत आणि तेलाने भिजलेले फडके खिशात ठेवू नये.

खरा धोका मात्र इंजिन सुरू झाल्यावर असतो. गळती, आवाज, तापमान पाहण्यासाठी ते बराच वेळ चालू ठेवले जाते. थंड इंजिनात पेट्रोलचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो. त्यातच सायलेन्सरचे जोड सैल असतात आणि बाहेर पाऊस असेल तर शटर अर्धे खाली ओढलेले असते. सगळ्यांचे डोळे काट्यावर खिळलेले असतात, हवेकडे कोणाचेच लक्ष नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. ‘उन्हाचा त्रास’ किंवा ‘पित्त’ म्हणून दुर्लक्ष होते. पुढे पायातले बळ जाते आणि धोका कळला तरी बाहेर पडता येत नाही. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही, म्हणून आकडा चांगलाच दिसतो. त्यावर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नये.

एकाच गॅरेजमधल्या दोघा-तिघांचे एकदमच डोके दुखू लागले, तर हीच शंका आधी घ्यावी. इंजिन बंद करून सर्वांना उघड्यावर आणावे आणि रुग्णालयात गाठावे. तिथे ‘बंद जागेत इंजिन चालू होते’ हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे तास-दीड तास.

त्याहून सोपे म्हणजे गाडी ढकलून उघड्यावर आणावी आणि मगच सुरू करावी. ते जमत नसेल, तर शटर पूर्ण उघडावे आणि सायलेन्सरचे तोंड बाहेर ठेवावे. तेलाचा काटा चढेपर्यंत थांबणाऱ्या मिस्त्रीला आणखी पाच मिनिटे थांबणे जड नाही.